गौरीचा जिताडा

प्रेमाच्या हातचं कालवण ज्याने खाल्लं नाही तो दिंडोशीत राहतच नाही, असं तिच्या बिल्डिंगमध्ये म्हणतात. म्हणतात म्हणजे काय, तीच म्हणते, आणि बाकीच्या बायका माना डोलावतात, कारण उद्या मासा बघून घ्यायला तिच्याच दारात जायचं असतं. खालच्या मजल्यावरची लता तर बाजारातून आली की आधी पिशवी प्रेमाच्या नाकाखाली धरते. प्रेमा कल्ला उचलते, पोटावर अंगठा दाबते आणि निकाल देते, "शिळा आहे. कोणी गं गळ्यात मारला तुझ्या?" लता बिचारी पडलेल्या तोंडाने खाली जाते आणि प्रेमाचा दिवस मजेत जातो.

आता अशा बाईला घरात कसली कमी असणार, असं तुम्हाला वाटेल. होती ना. तिचे सासरे, सीताराम. सगळे त्यांना आबा म्हणतात. उभा जन्म गिरणीत साच्यावर गेला, कान त्या खडखडाटातच अर्धे गेले, पण जीभ मात्र शाबूत. गाव श्रीवर्धनकडचं, म्हणजे जिताड्याच्या मुलखातलं. तिकडे जावई आला, साहेब आला, की खाडीतला जिताडा कापतात, त्यापुढे पापलेटला कोणी विचारत नाही. असा हा चवीचा पक्का माणूस प्रेमाच्या हातचं रोज जेवायचा, ताट चाटूनपुसून साफ करायचा, हात धुवायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचा. बरं झालंय म्हणून एक शब्द नाही. नवी नवरी असताना तिने एकदा धीर करून विचारलं होतं, "आबा, आमटी कशी झालीय?" आबा म्हणाले, "आमटीसारखी." त्यानंतर तिने विचारलं नाही, पण दर जेवणाला कान तिकडेच.

एक मान तेवढा तिचा होता. गौरीचं तिखट. त्यांच्याकडे तेरड्याची गौर येते. आल्या दिवशी तिला भाजी-भाकरी, आणि दुसऱ्या दिवशी मासा आणि वडे. बाजूला गणपती बसलेला असतो, त्याला वास लागू नये म्हणून मध्ये पडदा ओढतात आणि मग गौरीपुढे ताट ठेवतात. हे ताट करायचा मान सासूने, द्रौपदीबाईंनी, शेवटच्या आजारपणात प्रेमाच्या हाती दिला होता. "तिखट तुझ्या हातचं," एवढंच म्हणाल्या होत्या. प्रेमाने ते मंगळसूत्राइतकं जपलं. वर्षाचे बाकीचे दिवस आबा गप्प राहिले तरी चालतील, त्या दिवशी गौर तरी तिच्या हातचं जेवते, असा तिचा हिशेब.

आणि मग अपूर्वाने मासे पाळले.

अपूर्वा म्हणजे धाकटी जाऊ. प्रेमाचा दीर नितेश याची बायको, राहणार बोरिवली. नितेश कुरियरवाल्यांच्या गोदामात चांगला चिकटलेला होता. पण धोंडिराम नावाचा त्याचा एक कोळी मित्र होता गोराईचा. दोघांच्या डोक्यात आलं, खाडीत जिताडा पाळू. नितेशने नोकरी सोडली, अपूर्वाने मोबाईलच्या दुकानातली नोकरी सोडली, कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आली आणि लागली मासे वाढवायला. प्रेमा नवऱ्याला म्हणाली, "वाट लागणार आहे बघा." तिचा नवरा चंद्रप्रकाश पेपर वाचत होता, तो वाचतच राहिला.

आणि पहिल्या साली खरोखर वाट लागली. त्यांनी मासे खाडीकाठच्या बांधलेल्या तळ्यात सोडले होते. पाणी साचलेलं, मासे दाटीवाटीने, आणि खायला काय तर कोंबडीच्या दुकानातली आतडी. मासा भराभर फुगला. मोठ्या कौतुकाने एक घरी आणला. प्रेमाने कापला तेव्हाच सुरीला चरबी लागली. शिजल्यावर मांसाची पाकळी सुटेना, नुसता लगदा, आणि वास ओल्या मातीचा. आबांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. प्रेमाने चेहरा पाडला, पण आतून तिला अशा उकळ्या फुटत होत्या की ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. पुढे कितीतरी दिवस बिल्डिंगमध्ये तिचं एकच चालू होतं. "पाळलेला मासा तो. कोंबडीत आणि माशात काही फरक राहू द्या की!"

दुसरी कोणी असती तर रडली असती. अपूर्वा वही नाही, पेन नाही, तशीच प्रेमाच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. "ताई, त्यात काय काय वाईट होतं ते सांगा. राखून नका सांगू."

प्रेमाला तर आयतंच मिळालं. तिने तोंडसुख घेतलं. माती लागते, चरबी तोंडात माखते, मांस कापसासारखं, पोटाकडे घाण वास, शेपटीकडे चव म्हणून नाही. अपूर्वा ऐकत होती, मध्येच "म्हणजे कसं?" विचारत होती. प्रेमाला वाटलं, चांगली जिरवली. बाईला कळलंच नाही की आपण शिव्या देत नव्हतो, शिकवणी घेत होतो.

कारण अपूर्वाने सगळं उलटंपालटं केलं. तळं बंद. मासे जाळ्याच्या पिंजऱ्यात घालून खाडीत भरती-ओहोटीचं पाणी जिथे ओढतं तिथे सोडले. "दिवसभर पाण्याशी झटला पाहिजे, तर अंगात मांस धरतो," असं ती म्हणायची. एका पिंजऱ्यात मासे थोडेच. कोंबडीची आतडी बंद, चांगलं खाणं, तेही बेतानं. आणि काढायच्या आधी दोन दिवस मासा वेगळ्या जाळ्यात घालून कडक उपाशी ठेवायचा, म्हणजे पोट साफ होतं, चिखलाचा वास जातो, मांस घट्ट राहतं. बाहेर काढला की तडफडू न देता थेट बर्फाच्या पाण्यात.

तो दुसरा मासा मे महिन्यात घरी आला. प्रेमानेच रांधला, मनात म्हणत, बघू आता काय दिवे लावलेत. आबा जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि थांबले. मग पाठीकडची पाकळी बोटाने सुटी केली, अख्खी निघाली, पांढरीशुभ्र. म्हणाले, "हा कुठला?"

"आपल्या अपूर्वाचा," चंद्रप्रकाशने सांगितलं. बायकोच्या तोंडाकडे न बघता सांगितलं, म्हणून सांगू शकला.

"भात वाढ," आबा म्हणाले. आणि भात कालवता कालवता म्हणाले, "असा जिताडा लहानपणी गावाला खाल्लेला. अपूर्वाने कमाल केली हो."

प्रेमा भाताचं पातेलं घेऊन उभी होती. कमाल कोणी केली? वाटण कोणाचं, कोकमाचं आगळ किती घालायचं ते कोणाला ठाऊक, मासा आचेवर किती वेळ ठेवायचा हे कोणी बघितलं? एवढी वर्षं या माणसाच्या तोंडातून शब्द निघाला नाही, आणि निघाला तो कोणाच्या नावाने! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. नंतर तर रोजचंच झालं. नितेशचा फोन आला की तिला मिरच्या झोंबायच्या. कुठल्याशा जुहूच्या हॉटेलवाल्याने त्यांचा मासा घेतला हे लताकडून कळलं तेव्हा ती म्हणाली, "हॉटेलात काय, मसाल्यात रबरसुद्धा खपतं." लता हसली नाही, याचाही तिला राग आला.

हेही तिने गिळलं असतं. पण श्रावण संपता संपता आबांनी खुर्चीतून फर्मान काढलं. "यंदा गौरीला घरचा जिताडा. आणि तिखट अपूर्वा करील. मासा तिचा, तिला ठाऊक."

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ते असं. प्रेमा उठून तव्याकडे गेली. त्या दिवशी पोळ्या करपल्या.

गौर यायच्या दिवशी दुपारी प्रेमा गोराईच्या जेट्टीवर गेली. निमित्त होतं सुपाचं. गौरीला ओवसायचं सूप आणि त्या दिवशी नेसायची साडी अपूर्वाला आधी पोचवायची होती. ते निमित्तच, साडी नितेशच्या हाती देता आली असती. तिला बघायचं होतं, एवढं काय आहे तिथे.

जेट्टीला लागून फळ्यांच्या तराफ्याला एक लहान जाळं बांधलेलं होतं. त्यात गौरीसाठी निवडलेले जिताडे, चंदेरी पाठीचे, संथ फिरत होते. अपूर्वाने कौतुकाने दाखवले. "हे बघा ताई, उपाशी ठेवलेत. उद्या पहाटे काढायचे. आता एक कण जरी पोटात गेला ना, तर सगळं मुसळ केरात." मग तिचा फोन वाजला. बर्फवाल्याची गाडी वाट चुकली होती, ती त्याला आणायला रस्त्याकडे गेली. धोंडिराम होडी घेऊन दूरच्या पिंजऱ्यांकडे होता.

प्रेमा एकटी उरली. मासे वर आले, तिच्या सावलीकडे तोंडं करून उघडमीट करायला लागले. आणि तिच्या मनात आलं, अरे देवा, गौरीला उपाशी जीव द्यायचा? दारात आलेल्या कुत्र्याला आपण भाकरी घालतो, आणि माहेरवाशिणीच्या ताटात भुकेला मासा? पाप नाही का हे? विचार इतका पुण्याचा होता की तिला स्वतःलाच बरं वाटलं. जेट्टीच्या तोंडाशी विमला कोळीण पाटी घेऊन बसली होती. प्रेमाने तिच्याकडून कागदात बांधून तारली मासळी घेतली.

विमलाने वर बघितलं. "गणपती बसलेत ना गं तुमच्याकडं?"

"मांजराला," प्रेमा म्हणाली.

आता पुण्याच्या कामाला कोणी खोटं बोलतं का? पण ती बोलली. मग तराफ्यावर गुडघे टेकून तिने ती तेलकट तारली एकेक करून जाळ्यात टाकली. पाणी उसळलं. जिताडे एकमेकांवर आदळत, अख्खी अख्खी तारली गिळत होते. तिने कागद चुरगळून पिशवीत टाकला, हात खाडीच्या पाण्यात धुतले. अपूर्वा परत आली तेव्हा ती साडीची घडी नीट करत बसली होती. परतीच्या रिक्षात तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. नितेश बर्फाची पेटी घेऊन आत आला. अपूर्वा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ये की आत," प्रेमा म्हणाली.

"ताई, मी बाजूला बसलेय. पहाटेच कळलं." तिने हे सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "माझं काही नाही, पण आबांना चालणार नाही. माझ्याने नैवेद्य होणार नाही."

प्रेमाला वाटलं, मी असते तर गप्प बसले असते. एवढा मान मिळालेला, कोणाला कळणार होतं? आणि मग तिच्या ध्यानात आलं की आबा आतून काहीतरी बोलले.

"मग प्रेमा करील," आबा म्हणाले होते.

मान परत आला. चालत घरी आला, बर्फाच्या पेटीत बसून. आणि प्रेमाला पेटीचं झाकण उघडवेना.

घरात बाजूला बसायला जागा कुठली? स्वयंपाकघरामागची एवढीशी गॅलरी. मासा साफ करायची जागाही तीच. अपूर्वा कोपऱ्यात स्टुलावर बसली, समोर प्रेमा विळी घेऊन. तिने जिताडा उचलला. डोळा स्वच्छ, कल्ले लाल, पण पोट बोटाला घट्ट लागलं. खवलं तिने घाईघाईने काढली. पोट चिरायला गेली आणि विळीचं पातं खोल गेलं, आतडं फुटलं, पित्तही फुटलं. अर्धी विरघळलेली तारली बाहेर आली, शेपट्या अजून तशाच्या तशा. तो आंबूस तेलकट वास तिच्या नाकात गेला आणि हिरवट पाणी पांढऱ्या मांसावर पसरलं.

तिने झटकन तळव्याखाली सगळं झाकलं. वर बघितलं तर अपूर्वा खाली रस्त्याकडे बघत होती.

"पोटाकडचं टाकून द्या, ताई," अपूर्वा म्हणाली. "पाठीचं घ्या." एवढंच.

पेटीतले बाकीचे दोनही तसेच निघाले. बाजारात पळावं तर मुहूर्त जातो, आणि सांगणार काय? प्रेमाने जे येत होतं ते सगळं केलं. मीठ चोळलं, हळद चोळली, पाणी बदलत राहिली. आगळ सढळ हाताने घातलं, तिरफळं ठेचून टाकली, लसणीची फोडणी वरून दिली. पण चाखून बघता येईना. नैवेद्य आधी चाखायचा नसतो. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपलं कालवण कसं झालंय ते ठाऊक नव्हतं.

पडदा ओढला. गौरीपुढे ताट ठेवलं. प्रेमाने हात जोडले आणि तेरड्याच्या त्या मुखवट्याकडे तिला बघवेना.

मग पंगत बसली. आबांनी घास घेतला. चावला. सावकाश गिळला. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"मासा धड नाय," ते म्हणाले. "मऊ पडलाय. मातीवर गेला."

नितेशचा हात ताटातच राहिला. तो चाखत होता, परत चाखत होता, त्याला काही कळत नव्हतं. "आबा, सगळं मागच्यासारखंच केलं होतं. उपाशी ठेवला होता..."

"असेल. पाळलेला तो पाळलेला." आबांनी आणखी एक घास घेतला, रश्शातला. मग मान वर केली आणि प्रेमाकडे बघितलं, नीट बघितलं. "पण प्रेमा, तुझा हात आहे हो. दुसऱ्या कोणी केला असता तर तोंडात धरवला नसता. रोजच खातो म्हणून बोलत नाय एवढंच. पुढच्या वर्षी मासा बाजारातनं आण. तिखट तूच कर."

चंद्रप्रकाशने चमकून बघितलं. प्रेमा डाव धरून उभी होती. ज्यासाठी तिने सगळ्या आयुष्याचा मीठमसाला केला होता ते शब्द असे, कालवणाच्या वासात, तिच्या पुढ्यात पडले होते.

"खरंय आबा," गॅलरीतून अपूर्वाचा आवाज आला. "ताईंच्या हाताला तोड नाही."

दुसऱ्यांदा कोणीच घेतलं नाही. नितेश खाली गेला, धोंडिरामला फोन लावत, पिंजऱ्यातले बाकीचे मासे विकायचे की नाही ते विचारायला. पातेल्यात कालवण उरलं. गौरीचा नैवेद्य टाकायचा नसतो आणि घराबाहेर द्यायचाही नसतो. करणारीने संपवायचा. प्रेमाने ताट घेतलं, पातेलं घेतलं आणि गॅलरीत जाऊन खाली बसली. तिथे कोणी बघणार नव्हतं, अपूर्वा सोडून.

"मलाही वाढा," अपूर्वा म्हणाली. "मला पातेल्याला हात लावता येणार नाही."

प्रेमाने वाढलं, वरून, ताटाला पळी न लावता. दोघी जेवायला लागल्या. कोकमाच्या आंबटाखाली, तिरफळाच्या मागे, तो वास होताच. प्रेमा घास न चावताच गिळत होती. अपूर्वा एकेक घास शांतपणे चावत होती, परीक्षा घेतल्यासारखी.

"तारली विमलाकडची ना?" ती हळूच म्हणाली. "कागदाचा एक तुकडा तराफ्यावर राहिला होता. मला वाटलं मांजर. सकाळी पोट फुटलं तेव्हा कळलं."

प्रेमाचा घास तोंडातच राहिला. तिने तो कसाबसा गिळला. मग ती म्हणाली, "मग आबांना का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते," अपूर्वा म्हणाली. "त्यांनी मासा वाईट म्हटल्यावर तोंड उघडलंच होतं. पण ते तुमच्याबद्दल बोलायला लागले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मध्ये कुठे बोलू?"

तिने पाण्याचा घोट घेतला, आणि आबा आतून हाक मारतात का याचा कानोसा घेतला.

प्रेमाला वाटलं, हिने आरडाओरडा करायला हवा होता. ताट भिरकवायला हवं होतं. म्हणजे बरोबरी झाली असती, दोघी सारख्याच निघाल्या असत्या. हा मोठेपणा हिच्याकडे कुठून आला, आणि आपल्याकडे का नाही? मासा गेला, मान परत मिळाला, आबांचे शब्द मिळाले, आणि तरी या पोरीकडे आपल्याहून जास्त काहीतरी आहेच. तिला अपूर्वाचा इतका हेवा आधी कधी वाटला नव्हता.

"मीठ हवंय का?" तिने विचारलं.

"नको. बरोबर आहे," अपूर्वा म्हणाली.

प्रेमाने पातेल्यातला शेवटचा तुकडा आपल्या ताटात घेतला आणि काटे बाजूला करत तो संपवला.